साहेबांचा दाखला कुणी तपासायचा?

गेल्या अंकात जात पडताळणीला लागणाऱ्या जुन्या कागदांविषयी लिहिलं होतं: कोतवाल बुक, गाव नमुना १४ (दोन्ही गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी), शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. वाटलं होतं, "आमच्या गावचं कोतवाल बुक वाळवीनं खाल्लं, आता काय करू?" अशी पत्रं येतील. तशी चार आली. बाकीच्या पाकिटांतून मात्र साहेबच बाहेर पडले. कुणाची पदवी खोटी, कुणाचं अपंगत्व, कुणाचं उत्पन्न. म्हणून या वेळी सगळा रकाना त्यांनाच दिला आहे. मी वकील नाही. महसूल खात्यात कारकून म्हणून लागले, ३२ वर्षांनी नायब तहसीलदार म्हणून बाहेर पडले. मधली ५ वर्षं पडताळणी समितीच्या कार्यालयात गेली. नजरेखालून जे गेलं, तेवढंच सांगते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी पुण्यात सदाशिव पेठेत राहून यूपीएससीचा अभ्यास करते. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेली. दाखल्यात आडनावाची एक वेलांटी चुकली म्हणून तिच्या बाबांनी प्रांत कार्यालयात सहा हेलपाटे घातले. आणि खोट्या दाखल्यांचा आरोप झालेल्या प्रशिक्षणार्थी आयएएस पूजा खेडकर यांच्या प्रकरणात एवढ्या पायऱ्यांवर कुणालाच काही दिसलं नाही? हे कसं होतं? (एक आई, बार्शी)

उत्तर : तुमच्या यजमानांची वेलांटी पकडली गेली, कारण वेलांटी डोळ्यांना दिसते. उत्पन्न दिसत नाही. सगळी गोम इथेच आहे.

एवढ्या पायऱ्या म्हणता, पण दाखल्यातला मजकूर खरा की खोटा हे बघायला त्यातल्या एकाही पायरीवर माणूस बसवलेला नसतो. यूपीएससीनं ३१ जुलै २०२४ च्या निवेदनात हे स्वतःच सांगितलं. आपण दाखल्याची फक्त प्राथमिक छाननी करतो, म्हणजे सक्षम अधिकाऱ्यानं दिलाय का, योग्य वर्षाचा आहे का, खाडाखोड नाही ना, नमुना बरोबर आहे का. दरवर्षी येणाऱ्या हजारो दाखल्यांची सत्यता तपासण्याचा अधिकारही आपल्याला नाही आणि तेवढी यंत्रणाही नाही. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, आणि मग वाईट वाटलं. कारण आमच्याकडे तहसीलला आम्ही उलटं समजायचो. वर दिल्लीत बघतीलच की बारकाईनं!

आता खालून वर या. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण माझ्या तोंडी तलाठीच येणार) चौकशी अहवाल देतो. त्यावर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला निघतो, आणि त्याच्या आधारानं प्रांतसाहेब नॉन-क्रिमिलेअर (ओबीसी कुटुंब सधन स्तरात मोडत नाही, असा दाखला) देतात. प्रत्येक जण आपल्या कागदात आधीच्या कागदाचा हवाला देतो. "वाचले : १) तलाठी यांचा अहवाल". या एका ओळीवर दाखला तालुक्यातून दिल्लीपर्यंत जातो. तलाठ्यानं अहवाल चावडीत बसून लिहिला की अर्जदाराच्या घरी जाऊन, ते पुढं कुणी विचारत नाही.

मग हे प्रकरण पकडलं कशावरून गेलं? दाखल्यावरून नव्हे. जून २०२४ मध्ये पुणे जिल्हाधिकारी कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू होताना खेडकर यांच्याकडून स्वतंत्र कक्ष, गाडी, निवासस्थान, कर्मचारी यांची मागणी झाली. खासगी ऑडीवर दिवा आणि 'महाराष्ट्र शासन' अशी पाटी लागली. जिल्हाधिकाऱ्यांनी मंत्रालयात अहवाल पाठवला, बदली वाशीमला झाली. आणि मग पत्रकारांनी मागचे कागद काढायला सुरुवात केली. वडील प्रदूषण नियंत्रण मंडळातून निवृत्त झालेले अधिकारी, त्याच वर्षी नगरमधून लोकसभा लढवलेले, आणि शपथपत्रात सुमारे ४० कोटींची मालमत्ता. तेव्हा कुठं लोकांना त्यांचा ओबीसीचा नॉन-क्रिमिलेअर दाखला आठवला. दिवा लावला नसता, तर दाखल्यावर उजेड पडलाच नसता.

इथं एक खुलासा करते, कारण बऱ्याच पत्रांत गल्लत आहे. ४० कोटी हा आकडा वाचला की दाखला खोटा, इतकं ते सरळ नसतं. २०१७ पासून वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांची आहे, पण केंद्राच्या निकषात आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या ८ लाखांत धरत नाहीत. नोकरदाराचं पद बघतात. आई किंवा वडील सरळ सेवेनं वर्ग १ मध्ये लागले असतील तर मुलं आरक्षणाबाहेर, मग पगार कितीही असो. म्हणून आधी पद, मग पगार-शेतीखेरीज इतर उत्पन्न, तेही सलग तीन वर्षांचं, अशा क्रमानं चौकशी करावी लागते. मी स्वतः पाहिलंय, मोठ्या बागायतदाराच्या पोराला नियमानं दाखला मिळतो आणि दोन दुकानांच्या भाड्यावर जगणाऱ्याचा अडतो. नियमच तसा आहे, त्यावर भांडायचं तर वेगळं पत्र लिहा.

यूपीएससीनं मुख्य बोट ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. आपलं नाव, आईवडिलांची नावं, फोटो, सही, ईमेल, मोबाइल, पत्ता बदलून ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त वेळा परीक्षा दिली, हा तो आरोप. ओबीसी उमेदवाराला ९ संधी असतात. स्वतःच्या नावाबरोबर आईवडिलांचंही नाव बदललं की मोजणी पुन्हा एकपासून सुरू. त्यानंतर आयोगानं २००९ ते २०२३ अशा १५ वर्षांतल्या १५,००० हून जास्त यशस्वी उमेदवारांच्या संधी मोजून पाहिल्या, दुसरं प्रकरण सापडलं नाही म्हणाले. पण ही मोजणी संधींची होती, दाखल्यांची नव्हे, हे लक्षात असू द्या.

पुढचं थोडक्यात. ३१ जुलैला यूपीएससीनं उमेदवारी रद्द केली आणि पुढच्या सगळ्या परीक्षांना कायमची बंदी घातली, ६ सप्टेंबर २०२४ ला केंद्रानं परिविक्षा नियमांखाली सेवेतून कमी केलं. खेडकर यांनी आरोप नाकारले आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटकपूर्व जामीन दिला. गुन्ह्याचं काय ते न्यायालय ठरवेल, तुम्हीआम्ही नाही.

मुलीला सांगा, नॉन-क्रिमिलेअर केंद्राच्या नमुन्यात घे. राज्याचा नमुना वेगळा असतो आणि पोरं घाईत तोच घेऊन दिल्लीला जातात. वेलांटीसाठी गेलेले सहा हेलपाटे काही वाया गेले नाहीत.

प्रश्न : मॅडम, मला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाचं अपंगत्व ५५ टक्के, दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र आहे. गेल्या वर्षी दिव्यांग कोट्यातून लिपिक म्हणून लागलो. आता कार्यालयात कुणी जिना चढताना माझ्याकडं बघतं, कुणी हसत म्हणतं, "तुझा दाखला कितीला?" काय उत्तर देऊ? (वाचक, जालना जिल्हा)

उत्तर : काहीच नको. उत्तर दिलंत की उद्या दुसरा विचारेल.

आमच्याकडे एक अव्वल कारकून होते, तुमच्यासारखेच पोलिओचे. रेकॉर्ड रूम तळघरात होती, ते खाली जाऊन बस्ते काढून आणायचे. नवा आलेला शिपाई एकदा म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही तर आमच्यापेक्षा भरभर उतरता." ते थांबले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली, कॅलिपरची लोखंडी पट्टी बोटानं टणटण वाजवली आणि बस्ता त्याच्या हातात दिला. मी शेजारीच उभी होते. मला त्या पट्टीच्या आवाजापेक्षा त्यांना पॅन्ट वर करायला लागली याची लाज वाटली. म्हणून म्हणते, तुम्ही दाखवत बसू नका.

लोकांच्या डोक्यात हे आलं कुठून ते मला माहीत आहे. खेडकर प्रकरणात पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयानं दिलेल्या दाखल्यावर ७ टक्के अपंगत्व असल्याचं बाहेर आलं. सवलतीला किमान ४० लागतात. नगरच्या जिल्हा रुग्णालयाचे दाखले वेगळेच. तेव्हापासून ज्याला-त्याला आकडे कळायला लागलेत. ते बरंच झालं म्हणायचं, पण आकडा कळला म्हणून बघणाऱ्याला पाय कळत नाही. चालता येणं आणि अपंगत्व नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दृष्टी, श्रवण किंवा मनाचा आजार तर जिन्यावर दिसतच नाही.

टोमणे थांबले नाहीत तर कार्यालय प्रमुखांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायची तरतूद आहे. तुमच्याकडं कोण आहे असं विचारलंत की आस्थापना शाखेत आधी शोधाशोध होईल, मग नेमणूक होईल. त्याच कायद्याच्या कलम ९१ मध्ये खोटेपणानं दिव्यांगांची सवलत लाटणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आहे. "कितीला" विचारणाऱ्याला हे कलम वाचायला देऊ शकता. बोलायची गरज नाही.

प्रश्न : आमचे एक वर्ग दोनचे साहेब. त्यांची पदवी बाहेरच्या राज्यातल्या एका विद्यापीठाची आहे, ते विद्यापीठ कुणी ऐकलेलं नाही. शिवाय जातीच्या दाखल्याबद्दलही कुजबुज आहे. माहितीच्या अधिकारात मागू का? निनावी अर्ज टाकू का? (नाव-गाव छापू नये)

उत्तर : आधी एक विचारते, राग मानू नका. साहेबांनी तुमचा गोपनीय अहवाल खराब लिहिलाय का? कारण ३२ वर्षांत माझ्याकडं आलेल्या अशा अर्जांत तारखा जुळवल्या की बहुतेक वेळा आधी गोपनीय अहवाल किंवा बदली निघायची आणि महिन्याभरात अर्ज यायचा. माणूस खटकला की मग त्याचा दाखला खटकतो. अर्ज खोटाच असतो असं नाही हं, पण वाचणारा अधिकारीही हेच गणित मांडतो.

निनावी अर्ज दप्तरी दाखल होतो, म्हणजे केराच्या टोपलीचं सरकारी नाव. माहिती अधिकारातही फार हाती लागणार नाही. कर्मचाऱ्याच्या सेवा अभिलेखातला मजकूर वैयक्तिक माहिती, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये म्हटलंय. त्याच निकालाचा क्रमांक घालून नकार येईल. व्यापक जनहित दाखवता आलं तरच काही हालचाल होईल.

पदवीचं सोपं आहे. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करते. ती आधी बघा. (आपल्या नागपूरचंही एक नाव त्या यादीत वर्षानुवर्षं आहे, 'राजा अरेबिक युनिव्हर्सिटी'.) यादीत नाव नसेल तर पदवी खरी असेलच असं नाही, पण ते नियुक्ती प्राधिकाऱ्यानं विद्यापीठाकडून पडताळून घ्यायचं असतं. तसं झालंय का, एवढाच प्रश्न स्वतःच्या सहीनं त्यांना विचारा. जातीच्या दाखल्याची तक्रार जिल्हा पडताळणी समितीकडं करता येते. मात्र कुजबुज लिहू नका. कागद लिहा. कुठली शाळा, कुठलं गाव, कुठल्या सालची नोंद.

कागद कसा बोलतो ते सांगते. एका प्रकरणात आमच्या दक्षता पथकानं गावातल्या शाळेचं मूळ जनरल रजिस्टर आणलं होतं, १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याची प्रत निर्दोष होती, झेरॉक्समध्ये सगळी शाई काळीच दिसते. मूळ पान समोर आलं आणि मी भिंग घेतलं. अख्खं पान टाकानं लिहिलेलं, शाई तपकिरी पडलेली, काना खाली येताना जाड आणि वेलांटी बारीक. आणि जातीच्या रकान्यात आजोबांच्या नावापुढं एक जादा शब्द, जागा नव्हती म्हणून दोन रेघांत दाबून बसवलेला. त्याची रेघ कुठंही जाड-बारीक होत नव्हती. मी पान उलटलं आणि मागून अंगठा फिरवला. सगळं पान गुळगुळीत, त्या एका शब्दाखाली मात्र कागद उठलेला. बॉलपेन! आजोबा शाळेत गेले तेव्हा गुरुजींच्या हातात टाक होता, आणि नातवाला नोकरीची जाहिरात दिसली तेव्हा कुणाच्या तरी खिशात बॉलपेन.

तुमच्या साहेबांच्या बाबतीत असं काही असेल तर ते मूळ रजिस्टरातच असेल. तुम्ही तिकडं जाऊ नका, समितीला पत्ता द्या. आणि काही नसेल तर गोपनीय अहवालाविरुद्ध वेगळा अर्ज करता येतो, त्याची मुदत मात्र चुकवू नका.

प्रश्न : खोट्या दाखल्यावर २०-२५ वर्षं नोकरी झालेली असली तर काय होतं? पगार परत घेतात का? पेन्शन? (दोन पत्रं, सांगली आणि धुळे)

उत्तर : केरळातल्या एका आयपीएस अधिकाऱ्याचं प्रकरण आहे, विश्वनाथ पिल्लई निकाल, २००४. अनुसूचित जातीच्या कोट्यातून पोलिसात आले, वर चढत गेले, मग समितीनं दावा खोटा ठरवला. सर्वोच्च न्यायालयात म्हणणं मांडलं की २७ वर्षं सेवा झाली, बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती द्या, म्हणजे पेन्शन तरी राहील. न्यायालय म्हणालं, नेमणूकच मुळात शून्य. जी नेमणूक झालीच नाही तिला घटनेच्या कलम ३११ चं, सरकारी नोकराला मिळणारं, संरक्षण नाही आणि पेन्शनही नाही.

आपल्या राज्यात २००० चा जात प्रमाणपत्र कायदा आहे. कलम १० खाली नोकरी जाते, पदवी रद्द होते, शिष्यवृत्ती, भत्ते असे मिळालेले आर्थिक लाभ जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतात. म्हणजे त्या साहेबांच्या दारात नोटीस घेऊन आमचाच तलाठी जाणार! कलम ११ खाली ६ महिने ते २ वर्षं सक्तमजुरी किंवा २,००० ते २०,००० दंड, किंवा दोन्ही, आहे. नोकरीतून काढलेले ऐकले, पण तुरुंगात गेलेला एकही माझ्या ओळखीत नाही.

प्रश्न : ताई, वरच्या सगळ्यांत माझे यजमानही आले का? आम्ही नागपूरचे. ते हलबा या अनुसूचित जमातीचे म्हणून १९९२ ला लागले, घरी आजोबांपासून दाखल्यावर हलबाच लिहिलेलं. समितीनं हे कोष्टी, हलबा जमातीचे नाहीत, म्हणून दावा अवैध केला. आता अधिसंख्य (मंजूर पदांखेरीज जादा निर्माण केलेल्या) पदावर आहेत. मुलीच्या सोयरिकीला आलेल्यांनी विचारलं, "म्हणजे खोटा दाखला ना?" (नागपूर)

उत्तर : नाही. आणि हे पत्र मी शेवटच्या आधी मुद्दाम ठेवलंय, म्हणजे वरचं वाचून चिडलेल्यांनी हेही वाचावं.

खोटा दाखला आणि अवैध ठरलेला दावा यांत, हेतूच्या बाजूनं पाहिलं, तर जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बॉलपेनवाल्यानं नोंद बनवली. तुमच्या घरात नोंद पिढीजात होती, सरकारच्याच अधिकाऱ्यानं दाखला दिला होता, आणि ती जमात यादीतल्या नावात बसते की नाही हा वाद दशकानुदशकं चालला. २००० साली मिलिंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की यादीतल्या नावात न्यायालयाला किंवा सरकारला भर घालता येत नाही. मात्र तोवर पक्के झालेले प्रवेश आणि नेमणुका हलवू नका असंही म्हटलं. लोक त्या वाक्यावर १७ वर्षं निर्धास्त राहिले. ६ जुलै २०१७ ला फूड कॉर्पोरेशनच्या प्रकरणात न्यायालयानं स्पष्ट केलं, दावा अवैध ठरला की लाभ काढायचा. हेतू वाईट होता का, हे लाभ काढताना बघायचं नाही. कारण ती जागा खऱ्या आदिवासीची होती, तिथं दुसरा कुणी पोरगा बसायला हवा होता. हे तुम्हाला कडू वाटेल, पण मला ते पटतं.

मग २१ डिसेंबर २०१९ चा शासन निर्णय आला आणि अशा कर्मचाऱ्यांना ११ महिन्यांच्या अधिसंख्य पदांवर ठेवलं. सोयरिकीवाल्यांना समितीचा आदेश वाचायला द्या. नोंद खोटी केली असं त्यात लिहिलेलं नसेल, तर तुमच्या यजमानांना खोटं म्हणायचा अधिकार कुणाला नाही. आणि एवढं वाचूनही तेच म्हणाले, तर मुलगी तिथं देऊ नका.

प्रश्न : एवढं सगळं सांगता. तुमच्या टेबलावरून कधी खोटा दाखला गेला नाही का? (वाचक, कराड)

उत्तर : गेला. मी अव्वल कारकून होते, उत्पन्नाच्या दाखल्यांचं टेबल माझ्याकडं होतं. जूनचा महिना, प्रवेशांची गर्दी, दिवसाला दीडशे प्रकरणं. त्यात एक अर्ज. तलाठ्याचा अहवाल : "कुटुंब कोरडवाहू शेती व मजुरीवर अवलंबून, वार्षिक उत्पन्न रु. ६०,०००." नाव वाचलं आणि हात थांबला. त्याच घरी मी फेब्रुवारीत हळदीकुंकवाला गेले होते, बहिणीच्या नणंदेचं सासर. मागच्या अंगणात त्यांची वीटभट्टी, दोन ट्रक उभे. मला वाण म्हणून स्टीलचा डबा दिला होता, तो अजून माझ्याकडं रव्याला आहे.

मी टिपणी लिहू शकले असते, "पुनःचौकशीस्तव परत". पेनही उघडलं होतं. मग मनात आलं, तलाठ्यानं सही केलीय, मंडळ अधिकाऱ्यानं केलीय, आपण नातेवाइकांत वाईट कशाला व्हायचं? "अहवालानुसार दाखला देण्यास हरकत नाही" लिहिलं आणि पुढचं प्रकरण घेतलं.

त्या मुलाला त्या दाखल्यावर प्रवेश मिळाला, पुढं तो स्पर्धा परीक्षेतून अधिकारी झाला. काम चांगलं करतो म्हणतात. वागायला नम्र, गाडीवर दिवा वगैरे काही नाही, त्यामुळं त्याच्या कागदांकडं कुणी वळून पाहिलेलं नाही. लग्नकार्यात भेटला की वाकून नमस्कार करतो, "मावशी, कशा आहात?" विचारतो. मी बरी आहे म्हणते आणि पंगतीत लांबची जागा बघते.